सोमवारी वजनाला येणाऱ्या बाया

धुळ्याला आग्रा रोडवरून बाजाराकडे वळलं की एका दुमजली इमारतीच्या तळाला आमचं सलून होतं. इमारत एका मारवाडी शेठजींची. त्यांचं कापडाचं दुकान चौकात, आणि राहतं घर आमच्या मागच्या गल्लीत. सलूनमध्ये दोन लाकडी खुर्च्या, दोन आरसे, गिऱ्हाइकांना बसायला एक बाक. मागं एक खोली होती, तिचं दार गल्लीत उघडायचं. त्या खोलीत आम्ही दोघं राहत होतो, मी आणि माझे यजमान. गिऱ्हाइकं त्यांना नाना म्हणत. मीही इथं तेच म्हणते.

नानांचं गाव साक्रीकडचं. गावात घरोघरी जाऊन हजामती करायच्या आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायला उभं राहायचं, हे त्यांना नको होतं. म्हणून ते लग्नानंतर लगेच मला घेऊन शहरात आले. स्वातंत्र्य मिळून तेव्हा थोडेच दिवस झाले होते. सुरुवातीची वर्षं बरी गेली. सकाळी कचेरीत जाणारे कारकून, वकिलांचे गुमास्ते, शाळामास्तर दाढीला रांग लावून बसत. मग हळूहळू एकेकानं घरीच ब्लेडनं दाढी करायला सुरुवात केली. नाना म्हणायचे, "केस कापायला महिन्याला येतील. पण दाढीवरच आपली चूल पेटते, ती गेली."

तिसरी खुर्ची घ्यायची त्यांची फार इच्छा होती. लाकडी नाही, लोखंडी, फिरती, मान टेकायला गादी असलेली. अशी खुर्ची असली की बडी गिऱ्हाइकं येतात असं त्यांचं म्हणणं. कोपऱ्यात तिच्यासाठी जागा मोकळी ठेवली होती. बाक तिकडे सरकवला तर ते रागवायचे. पैसे थोडे थोडे साठत होते.

त्या सुमाराला मुंबईच्या एका कंपनीचा माणूस दुकानात आला. पांढरा बुशशर्ट, हातात चामड्याची बॅग. दाढी करून घेता घेता बोलत राहिला. मी मागच्या खोलीत भाकरी थापत होते, सगळं ऐकू येत होतं. कंपनी दुकानांत वजनाची यंत्रं बसवते. माणसानं वर उभं राहायचं, फटीत एक आणा टाकायचा, की वजन छापलेलं तिकीट बाहेर पडतं. यंत्र कंपनीचं, डब्याची किल्ली कंपनीची. महिन्यातून एकदा तो येऊन डबा उघडणार आणि दुकानदाराचा हिस्सा मोजून देणार. दुकानदारानं फक्त जागा द्यायची आणि अनामत भरायची.

"तुम्हाला काही करायचंच नाही," तो म्हणाला. "तुम्ही वस्तरा चालवा, ते तिकडं उभ्या उभ्या कमाई करील."

नाना दोन दिवस खुर्चीसाठी साठवलेले पैसे पुन्हा पुन्हा मोजत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "आधी यंत्र घेऊ. वर्षभरात त्याच्याच पैशातून खुर्ची होईल."

मी म्हटलं, "खुर्चीवर तुम्ही माणसाची हजामत कराल. यंत्रावर लोक किती दिवस चढतील?"

"लोक रोज जेवतात की नाही? मग वजन रोज बदलणारच."

अनामत भरली. यंत्र चाळीसगावहून रेल्वेनं आलं, स्टेशनावरून बैलगाडीतून. लाल रंगाचं, पुरुषभर उंच, वर गोल काच. काचेमागं रंगीत चकती होती आणि बारीक दिवे लावलेले. माणूस उभा राहिला की चकती फिरायची, आतून खडखड आवाज यायचा आणि तिकीट टपकन खाली पडायचं. एका बाजूला पौंडात वजन, दुसऱ्या बाजूला हिंदीत एक ओळ. कुणाला धनलाभ, कुणाला प्रवास, कुणाला मोठ्या माणसाची भेट. यंत्र कोपऱ्यात, खुर्चीच्या जागी उभं केलं.

पहिल्या महिन्यात गर्दी आवरेना. जिनिंगमधले हमाल यायचे, पाठीवर कापसाची बोंद्री, पोत्याहून मोठी ओझी, वाहणारे धिप्पाड लोक, आणि यंत्रावर चढताना चपला काढून नमस्कार करायचे. खेड्यातून बाजाराला आलेली माणसं दारात उभी राहून बघायची. वजन करायला आलेल्यातले थोडे दाढीलाही बसत. नाना रात्री दुकान झाडताना यंत्र फडक्यानं पुसायचे, काच फुंकर मारून लख्ख करायचे. इतकं खूश मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

बायकांचं काय, हा प्रश्न शेजारच्या शिंपीणबाईनं काढला. "आम्हाला कोण तोलणार?" तिनं विचारलं. सलूनमध्ये बाई पाऊल टाकत नसे. पण सोमवारी दुकान बंद असायचं. पुढचं दार लावलेलं, नाना त्या दिवशी वस्तरे धारेला घेऊन बाहेर जात. मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "मागच्या दारानं येऊ देत. मी नसतो तेव्हाच. आणि तू उभी राहा."

तशा सोमवारी दुपारी बाया येऊ लागल्या. आधी गल्लीतल्या, मग गल्लीबाहेरच्या. लुगडं सावरत यंत्रावर चढायच्या, आरशात स्वतःला नखशिखांत बघून लाजायच्या. एवढा मोठा आरसा कित्येकींनी पहिल्यांदाच पाहिला होता. काहीजणी वजन राहू देत, आरशापुढंच उभ्या राहत. मी चहा ठेवायची. एकदा एक म्हातारी नातवाला घेऊन आली. मी आधी तिला एकटीला तोललं, मग नातवासकट, आणि वजाबाकी करून सांगितलं. ती म्हणाली, "मना नातू इतला जड शे? मंग घरमा बठ्ठा काबरं म्हनतस का तो वाळी ग्या?" घरात सगळे त्याला वाळला म्हणत होते. तिनं पोराला घट्ट छातीशी धरलं. मी चौथीपर्यंत शिकले होते, वजाबाकी मला यायची, आणि त्या दुपारी मला ते येतं याचा आनंद व्हायचा.

शेठजींची सून सोमवारी महादेवाला जायची. सोबत तिची नणंद, पंधरा-सोळा वर्षांची. येताना दोघी मागच्या दारानं शिरायच्या. सून राजस्थानातून आलेली, लग्नाला दोन वर्षं झालेली. मराठी तोडकंमोडकं बोलायची. मला अक्का म्हणायची. आत आली की घूंघट मागं टाकायची आणि मोठा श्वास घ्यायची. नणंद तिकिटावरची ओळ मोठ्यानं वाचून दाखवायची आणि दोघी हसायच्या.

एकदा सुनेच्या तिकिटावर लवकरच शुभवार्ता येईल असं निघालं. नणंद तिला चिमटे काढायला लागली. सून हसली नाही. मला हळूच म्हणाली, "अक्का, सासूजी इसके लिये मुझसे चार उपास करवाती है. हफ्त्याला चार."

"चार उपास करून अंगात काय राहणार?" मी म्हटलं.

"काहीच नाही राहत," ती म्हणाली. "बघा ना."

तिनं तिकीट पुढं केलं. मागच्या सोमवारपेक्षा वजन कमी होतं. मला वाटलं, उपासांमुळं. पुढच्या सोमवारी आणखी कमी. त्याच्या पुढच्या सोमवारी ती यंत्रावर चढली आणि उतरताना तिला खोकला आला. तो खोकला मला ओळखीचा होता. माझी थोरली बहीण पिंपळनेरला दिली होती. तिला असाच कोरडा, आखूड खोकला यायचा, संध्याकाळी गाल तापून लाल व्हायचे, आणि सगळे म्हणायचे की पोरीच्या चेहऱ्यावर तेज आलंय. ती वर्षभरात गेली. मी सुनेच्या कपाळावर हात ठेवला. दुपारची वेळ, ती सावलीतून आलेली, आणि कपाळ चांगलंच गरम.

"घरात सांगितलंस का?"

"सांगितलं. म्हणतात, उन्हाचं आहे."

रात्री मी नानांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण त्यांच्या जागेत भाड्यानं राहतो. मोठ्यांच्या घरातली गोष्ट आहे."

"आता सुया निघाल्यात. सिव्हिलमध्ये देतात. माझ्या बहिणीच्या वेळी नव्हत्या."

नानांनी अंथरूण घातलं. मग म्हणाले, "जाऊन ये. पण पुरुषांसमोर बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेठजींच्या घरी गेले. मागच्या अंगणात शेठाणी पापड वाळत घालत होत्या. मला ओसरीवर बसायला सांगितलं नाही, पण हाकललंही नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. खोकला, ताप, दर सोमवारी उतरत चाललेलं वजन, माझी बहीण. रोगाचं नाव मी घेतलं नाही. त्यांनी पापडावरचा हात थांबवला. आतून कुणी ऐकतंय का ते बघितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. चिडल्या नाहीत. जवळ आल्या आणि अगदी खालच्या आवाजात बोलल्या.

"तुला कळलं ते मला कळत नाही असं वाटतं तुला? रात्री मी तिच्या खोलीबाहेर झोपते."

"मग डॉक्टर..."

"डॉक्टर घरात आला की गावाला कळतं. माझ्या मुलीचं जळगावला ठरतंय. मोठं घर आहे. ह्या घरात ते दुखणं आहे हे त्यांच्या कानावर गेलं तर ती जन्मभर इथंच बसेल. एकदा तिचं लग्न होऊ दे. मग हिला मुंबईला नेऊ, सॅनेटोरियममध्ये ठेवू. हे तुझ्या तोंडातून बाहेर जाऊ देऊ नकोस."

"तोवर ती राहील का?"

शेठाणी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी खोटं सांगणार नाही. मग म्हणाल्या, "जा तू आता," आणि पुन्हा पापडांकडे वळल्या.

पुढच्या सोमवारी सून आली नाही. नणंदही नाही. शिंपीणबाईनं सांगितलं की सुनेला वरच्या मजल्यावर ठेवलंय, महादेवाला जाणंही बंद झालंय. मी गल्लीत उभं राहून वर बघायची. एक खिडकी कायम बंद असायची. एकदाच ती उघडी दिसली. सून गजांना धरून उभी होती, घूंघट नव्हता. मला बघून तिनं हात हलवला आणि तळहात खालीवर करून वजनाची खूण केली, जणू विचारत होती की आता किती भरेन. मी हसल्यासारखं केलं. दुसरं काय करणार होते. आतून कुणीतरी तिला बोलावलं आणि खिडकी मिटली.

थंडी सुरू झाली तेव्हा ती गेली. नाना पुरुषांबरोबर स्मशानात जाऊन आले. आल्यावर अंघोळ करून म्हणाले, "काहीच भार नव्हता तिचा. खांदेकरी बोलत होते."

त्यानंतर आठवडा झाला असेल, शिंपीणबाई माझ्याकडे आली. ती यंत्राकडे पाठ करून बसली.

"तुझ्या कानावर आलं का? लोक म्हणतात, शेठजींची सून ह्याच्यावर चढायची म्हणून तिला लागलं."

"कोण म्हणतं?"

"त्यांच्याच घरातून आलंय. दर सोमवारी देहाचं माप काढायची, दृष्ट लागली. भरल्या अंगाची पोर होती, वाळून गेली."

मला सगळं समजलं. दृष्ट लागून सून गेली तर मुलीचं लग्न मोडत नाही. कुणीतरी, कदाचित शेठाणींनी, कदाचित घरातल्या दुसऱ्या कुणी, एक शब्द सोडला होता आणि तो त्यांना सोयीचा होता. मी शिंपीणबाईला खरं सांगितलं. क्षय होता, असं रोगाचं नाव घेऊन सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुझं बरोबरही असेल," ती म्हणाली. "पण आता तू असंच म्हणणार, नाही का? यंत्र तुझं आहे."

त्या सोमवारी कुणी आलं नाही. नंतरच्याही नाही. मी चहाचं आधण ठेवून बसले आणि मग चूल विझवली. नातवाला घेऊन आलेली म्हातारी मला बाजारात दिसली. मी हाक मारली तर तिनं पोराला पदराखाली घेतलं. "बठ्ठा गाव सांगस," ती म्हणाली, "ते मशीन आंग खास." मशीन अंग खातं म्हणताना तिच्या बोलण्यात राग नव्हता. भ्यायली होती.

बायकांकडून ते पुरुषांत गेलं. पुरुष हसण्यावारी न्यायचे, पण चढायचे नाहीत. हमालांनी तर दुकानाकडं बघणंच सोडलं. त्यांचं सगळं अंगावरच चालायचं, त्यांना दोष कसा देऊ? दाढीला आलेलं गिऱ्हाईक बाकावर बसायचं ते यंत्रापासून लांबच्या टोकाला. नानांनी मग स्वतः रोज सकाळी गिऱ्हाइकांसमोर चढायला सुरुवात केली. स्वतःचाच आणा टाकायचे, तिकीट वाचून दाखवायचे. "बघा, जेवढ्याला तेवढा," म्हणायचे. लोक मान डोलवायचे. एकदा एका मास्तरांनी त्यांना सांगितलं, "नाना, तुम्ही हे करू नका. बघवत नाही." तेव्हापासून त्यांनी बंद केलं.

कंपनीचा माणूस आला, डबा उघडला. आत नानांचेच आणे होते. तो म्हणाला, "जागा चांगली नाही तुमची." नानांनी अनामत परत मागितली. त्यानं मुंबईला लिहितो म्हणून सांगितलं आणि गेला. पुढं एक-दोनदा आला, मग येईना.

चैत्रात शेठजींच्या मुलीचं लग्न झालं. जळगावचंच घर. वऱ्हाडातल्या पुरुषांच्या दाढ्या करायला नानांना बोलावणं आलं. मी म्हटलं, "जाऊ नका." ते पेटीत वस्तरे भरत म्हणाले, "नाही गेलो तर काय होईल? ती परत येईल का? भाडं द्यायचंय." ते दिवसभर मांडवात बसून दाढ्या करत होते. संध्याकाळी पानात बांधलेले बुंदीचे लाडू घेऊन आले. शेठाणींनी माझ्यासाठी म्हणून मुद्दाम दिले होते. दोघांनी ते खाल्ले. टाकून द्यायचं माझ्या मनात आलं होतं, पण घरात त्या दिवशी दुसरं काही नव्हतं.

नणंद सासरी जाताना आमच्या गल्लीतून गेली. मोटारीच्या काचेतून तिनं आमच्या दाराकडे पाहिलं. तिला काय ठाऊक होतं आणि काय सांगितलं गेलं होतं, मला माहीत नाही.

मग आणे जाऊन सरकारचे नवे पैसे आले. कातरलेल्या काठाचा आणा हळूहळू दिसेनासा झाला, आणि नवी नाणी यंत्राच्या फटीत बसत नव्हती. परगावच्या एका गिऱ्हाइकानं, ज्याला काहीच माहीत नव्हतं, एक नवं नाणं जोर लावून आत घातलं. ते अडकलं. चकती अर्धी फिरून थांबली. नानांनी पेटीतली कात्री, चिमटा, सगळं वापरून पाहिलं. कंपनीच्या कुलपाला हात लावायची त्यांची हिंमत नव्हती. "उद्या माणूस आला आणि कुलूप तुटलेलं दिसलं तर अनामत बुडेल," म्हणायचे.

शेवटी ते पावती घेऊन मुंबईला गेले. दोन दिवसांनी परत आले. हातपाय धुऊन भिंतीला टेकून बसले.

"भेटला का कुणी?"

"त्या पत्त्यावर आता चष्म्याचं दुकान आहे. ते म्हणाले, कंपनी केव्हाच उठली."

"कुठं गेली ते विचारायचं."

"विचारलं. हसले ते."

त्याच वर्षी चौकात नवं सलून निघालं. तीन फिरत्या खुर्च्या, रेडिओ, पंखा. नाना एकदा तिथं स्वतः जाऊन केस कापून आले. मला सांगितलं नाही, मानेवरून कळलं. मी विचारल्यावर म्हणाले, "खुर्ची चांगली आहे. पाय टेकायला सुद्धा आहे." त्यानंतर ते खुर्चीबद्दल कधी बोलले नाहीत.

दोन खुर्च्यांपैकी एकीवर हळूहळू नुसते टॉवेल पडून राहू लागले. भाडं थकलं तरी शेठजींनी आम्हाला निघा म्हटलं नाही. मला वाटायचं, म्हणावं. नानांनीच एक दिवस किल्ली नेऊन दिली. जळगावला एका ओळखीच्या माणसाच्या सलूनमध्ये कारागीर हवा होता. मालक नानांपेक्षा दहा वर्षांनी लहान होता. यंत्र तिथंच सोडलं. आमचं नव्हतंच ते. नंतर ऐकलं की शेठजींच्या गड्यांनी ते उचलून गल्लीत ठेवलं आणि पोरंसुद्धा त्याच्या बाजूनं जात नसत.

जळगावला आम्हाला जिनिंगच्या पाठीमागं खोली मिळाली. हंगामात कापसाचं तूस उडत यायचं. भाकरीवर बसायचं, पाण्याच्या घागरीवर तरंगायचं, नानांच्या भुवयांवर चिकटायचं. संध्याकाळी ते उशिरा यायचे. नव्या मालकानं त्यांना दाराजवळची खुर्ची दिली होती, तिथं उन्हाचा त्रास होता. मी विचारायची, आज काम होतं का? ते म्हणायचे, "होतं." मग जेवायचे. सुरुवातीला मी दिवसभर दार-खिडकी लावून घ्यायची, तूस आत येऊ नये म्हणून. पण ते फटींतून यायचंच. काही दिवसांनी मी दार उघडंच ठेवायला लागले.